शेतात सापडलेलं ‘मांजराचं पिल्लू’ वाघाटीचं असलं तर? पालघरच्या डोंगरपट्ट्यातल्या छोट्या रानमांजराची गोष्ट

भातकापणीचे दिवस आहेत असं समजा. बोईसरहून चिल्हार फाट्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगत एका शेतात कापणी सुरू आहे. बांधाजवळच्या गवतातून बारीक आवाज येतो. गवत बाजूला केल्यावर दोन पिल्लं दिसतात. मांजरासारखीच, पण अंगावर तांबूस ठिपके आणि कपाळावर पट्टे. आई कुठेच दिसत नाही.

पुढचं सगळं आपल्या ओळखीचं आहे. कुणीतरी मोबाइल काढतो. ‘बिबट्याची पिल्लं सापडली’ असा मेसेज ग्रुपवर जातो. बघायला गर्दी जमते. कुणाला दया येते, तो पिल्लं टोपलीत घालून घरी नेतो आणि वाटीत गाईचं दूध ठेवतो. रात्री आई परत येते, तेव्हा शेत रिकामं असतं.

यात वाईट हेतू कुणाचाच नाही. पण ही पिल्लं वाघाटीची असतील, तर त्यांच्या जगण्याची सर्वात चांगली संधी इथेच हातची जाते.

वाघाटी म्हणजे नेमकं काय?

वाघाटी हे जगातल्या सर्वात लहान रानमांजरांपैकी एक. पूर्ण वाढलेल्या वाघाटीचं वजन साधारण ९०० ग्रॅम ते १.६ किलो असतं. म्हणजे घरातली धष्टपुष्ट मांजर तिच्या दुप्पट भरते. डोक्यापासून शेपटीच्या बुडापर्यंतची लांबी ३५ ते ४८ सेंटिमीटर. लहानपणात तिच्याशी बरोबरी करतं ते आफ्रिकेतलं काळ्या पायांचं मांजर.

ती फक्त भारत, श्रीलंका आणि नेपाळ या तीन देशांत आढळते. शास्त्रीय नाव ‘प्रायोनाइलुरस रुबिजिनोसस’. यातल्या दुसऱ्या शब्दाचा अर्थ ‘गंजाच्या रंगाचा’. फ्रेंच प्राणीशास्त्रज्ञ इसिडोर जॉफ्रॉय सेंट-इलेर यांनी १८३१ मध्ये पाँडिचेरीतून आलेल्या नमुन्यावरून तिचं पहिलं शास्त्रीय वर्णन केलं.

मराठीत हे नाव ऐकल्यावर अनेकांना आधी भाजी आठवेल. आषाढी एकादशीचा उपवास सोडताना द्वादशीला केली जाणारी वाघाटीची भाजी ती वेगळी, ते वेलीचं फळ. काही भागांत बिबळ्या मांजर या दुसऱ्या रानमांजरालाही वाघाटीच म्हणतात. हा लेख गंजक्या ठिपक्यांच्या वाघाटीबद्दल आहे.

सोशल मीडियावर तुम्ही तिला कदाचित आधीच पाहिलं असेल. २०१८ मध्ये बीबीसीच्या ‘बिग कॅट्स’ या मालिकेत श्रीलंकेच्या जंगलात टिपलेली वाघाटी दाखवली होती. त्या इवल्याशा मांजराची क्लिप जगभर फिरली. खाली ‘मला एक हवी’ अशा प्रतिक्रियांचा पाऊस पडला. वाघाटीच्या अडचणींपैकी एक अडचण नेमकी हीच आहे.

तिला ओळखायचं कसं?

लांबून पाहिलं तर घरातल्या मांजराचं पिल्लूच वाटेल. पण काही खुणा लक्षात ठेवण्यासारख्या आहेत.

- रंग राखाडी, त्यावर तांबूस झाक. पाठीवर आणि कुशीवर गंजाच्या रंगाचे ठिपके, बऱ्याचदा ओळीत.
- कपाळावरून मानेकडे जाणाऱ्या चार गडद रेषा.
- डोळ्यांच्या आतल्या बाजूला दोन ठळक पांढरे पट्टे.
- कान लहान आणि गोलसर.
- पोट पांढरट, त्यावर मोठे गडद डाग.
- शेपटी जाडसर, तिच्यावरचे ठिपके अगदी पुसट.

शेतात नेहमी दिसणारं रानमांजर, ज्याला अनेक गावांत बाऊल म्हणतात, ते वेगळं. ते आकाराने मोठं, लांब पायांचं असतं. मोठेपणी त्याच्या अंगावर ठिपके दिसत नाहीत आणि कानांच्या टोकाला छोटे झुपके असतात.

वाघाटी निशाचर आहे. दिवसा ती झाडाची ढोली, दगडांची कपार किंवा दाट झुडूप गाठते. झाडावर चढण्यात ती पटाईत. रात्री उंदीर, लहान पक्षी, पाली-सरडे, बेडूक आणि किडे हे तिचं खाणं. गर्भारपण ६५ ते ७० दिवसांचं आणि एका वेळी पिल्लं एक ते तीन. म्हणजे एका मादीचं एक वेत वाया गेलं, तरी त्या टापूसाठी ते मोठं नुकसान असतं.

पालघरशी तिचा काय संबंध?

वाघाटीला पानगळीची जंगलं, खडकाळ उतार, झुडपी माळरान आणि गवताळ जागा मानवतात. पालघर जिल्ह्याचा पूर्वेकडचा भाग म्हणजे नेमकं हेच. दक्षिणेला तुंगारेश्वर अभयारण्य. २००३ मध्ये जाहीर झालेलं हे अभयारण्य सुमारे ८५ चौरस किलोमीटरचं आहे. पूर्वेला तानसाचं जंगल. वर जव्हार आणि मोखाड्याचे डोंगर. मधे मनोर, विक्रमगड, डहाणूचे साग आणि ऐनाचे उतार. खाडीपलीकडे बोरिवलीचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. मुंबईच्या दारातल्या या उद्यानात वाघाटीच्या नोंदी आहेत. वाघाटीला पिंजऱ्यात वाढवून तिची पैदास करण्याचा प्रयत्नही वन विभागाने तिथेच हाती घेतला आहे.

पण या जिल्ह्यात वाघाटीसाठी महत्त्वाची असलेली सगळीच जमीन ‘जंगल’ म्हणून नोंदलेली नाही. इथल्या सातबाऱ्यावर एक जुना शब्द सापडतो, वरकस. भातखाचराच्या वरच्या अंगाची, उताराची, गवताची जमीन. एकेकाळी याच जमिनीवरचं गवत कापून, गाठी बांधून मुंबईच्या तबेल्यांना जायचं. पावसाळ्यात इथे कमरेएवढं गवत उभं राहतं, त्यात उंदीर, लावे, सरडे वाढतात. दीड किलोच्या शिकाऱ्याला यापेक्षा चांगलं कोठार मिळणार नाही.

कागदावर मात्र वरकस जमिनीची ओळख ‘कमी उपयोगाची जमीन’ एवढीच उरते. त्यामुळे भराव, कुंपण, गोदाम, वीटभट्टी, प्लॉटिंग यांची नजर आधी तिथेच जाते.

जंगलात राहणारी मांजर शेतात काय करते?

बराच काळ वाघाटी म्हणजे दाट जंगलात क्वचित दिसणारा प्राणी असा समज होता. महाराष्ट्रातल्या शेतांनी या समजाला धक्का दिला. बिबट्यांच्या अभ्यासक विद्या अत्रेय यांनी २०१० मध्ये ‘कॅट न्यूज’ या नियतकालिकात पश्चिम महाराष्ट्रातल्या शेतीच्या भागातल्या वाघाटीच्या नोंदी मांडल्या. ही मांजर आपल्याला वाटते त्यापेक्षा जास्त आढळते का, हा प्रश्न त्यांनी शीर्षकातच विचारला होता.

पुणे जिल्ह्यात जुन्नर परिसरात ऊसतोडणीच्या वेळी वाघाटीची पिल्लं सापडतात. कारण सोपं आहे. मादीला पिल्लं लपवायला दाट आडोसा हवा असतो आणि उभा ऊस तो देतो. पालघरमध्ये ऊस नाही, पण भात आहे, गवत आहे, बांधावरची झुडपं आहेत. कापणीच्या दिवसांत हा आडोसा एकाएकी नाहीसा होतो आणि माणूस आणि पिल्लू समोरासमोर येतात.

म्हणून वाघाटी वाचवण्याचं काम अभयारण्याच्या कुंपणाच्या आत संपत नाही. त्यातलं बरंचसं शेतातच होणार किंवा बिघडणार आहे.

धोका नेमका कशाचा?

आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या, म्हणजे आययूसीएनच्या लाल यादीत वाघाटी ‘संकटाच्या उंबरठ्यावर’ या गटात आहे. त्याआधी ती ‘असुरक्षित’ गटात होती, २०१६ मध्ये वर्गवारी बदलली. ऐकायला ही सुधारणा वाटते. पण त्यामुळे तिचं घर वाढलेलं नाही. ती राहते ती पानगळीची जंगलं तुटत आणि तुकड्यांत विभागली जात आहेत, ही काळजी कायम आहे.

पालघर परिसरात हे तुकडे होताना उघड्या डोळ्यांनी दिसतात. मुंबई-अहमदाबाद महामार्ग जिल्ह्याला उभा चिरत जातो. त्याच पट्ट्यात मालगाड्यांसाठीची स्वतंत्र रेल्वेमार्गिका, मुंबई-वडोदरा द्रुतगती मार्ग आणि बुलेट ट्रेन यांची कामं आली. बुलेट ट्रेनची विरार आणि बोईसर ही दोन स्थानकं याच जिल्ह्यात आहेत. वाढवण बंदराचं भूमिपूजन ऑगस्ट २०२४ मध्ये झालं. बंदर समुद्रात होणार असलं, तरी तिथला माल डोंगराच्या बाजूनेच देशात जाणार, म्हणजे आणखी रस्ते आणि आणखी रूळ. तारापूरची औद्योगिक वसाहत आणि १९६९ पासून सुरू असलेलं अणुऊर्जा केंद्र यांच्याभोवती वाढलेलं बोईसर आधीच डोंगराच्या पायथ्याकडे सरकत आहे.

शेजारच्या डहाणू तालुक्याला केंद्र सरकारने १९९१ मध्ये पर्यावरणदृष्ट्या नाजूक क्षेत्र जाहीर केलं होतं. पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १९९६ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झालं. म्हणजे हा पट्टा नाजूक आहे हे सरकारदरबारी तीस वर्षांपूर्वीच मान्य झालेलं आहे.

रस्त्यांचा त्रास बिबट्यालाही होतो. पण दोघांत फरक आहे. २००९ मध्ये रेडिओ कॉलर लावून माळशेज परिसरात सोडलेला ‘आजोबा’ हा बिबट्या साडेतीन आठवड्यांत सुमारे १२० किलोमीटर चालत मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानापर्यंत पोहोचला होता. पुढे २०११ मध्ये वाहनाच्या धडकेत त्याचा मृत्यू झाला. एवढा ताकदवान प्राणीही रस्त्याला हरतो. दीड किलोच्या वाघाटीला तर एवढं अंतर कापून नवं जंगल गाठणंच अवघड. तिच्या टेकडीच्या दोन्ही बाजूंनी रुंद रस्ता गेला, की ती टेकडी तिच्यासाठी बेट होते.

याशिवाय तीन धोके असे आहेत, जे आपल्या घरातून आणि गावातून निघतात.

पहिला, मोकाट कुत्री. कुत्र्यांच्या टोळीपुढे एवढ्याशा मांजराचा टिकाव लागत नाही.

दुसरा, पाळीव मांजरं. त्यांच्याकडून पसरणारे विषाणूजन्य आजार रानमांजरांसाठी जीवघेणे ठरू शकतात. वाघाटी आणि घरातलं मांजर यांच्यात संकर होण्याची शक्यताही अभ्यासकांना काळजीची वाटते.

तिसरा, वणवा. फेब्रुवारीपासून डोंगरउतारावरचं वाळलेलं गवत पेटवलं जातं. मोठे प्राणी पळतात, ढोलीतली पिल्लं पळू शकत नाहीत.

वाघांचा आकडा आहे, वाघाटीचा का नाही?

२०२२ च्या अंदाजानुसार देशात ३,६८२ वाघ आहेत. बिबट्यांचा आकडा १३,८७४, त्यातले १,९८५ महाराष्ट्रात. वाघाटीचा असा राष्ट्रीय आकडा नाही.

देशभरातले कॅमेरा ट्रॅप प्रामुख्याने वाघासाठी आखलेले असतात. ते मोठ्या प्राण्याच्या वाटेवर आणि त्याच्या उंचीला लावले जातात. वाघाटी त्यात आली तर योगायोगाने येते. शिवाय बराचसा कॅमेरा संरक्षित जंगलात असतो, शेताच्या बांधावर नाही. जगात मांजरकुळातल्या सुमारे ४० प्रजाती आहेत आणि त्यातल्या बहुसंख्य लहान आहेत. पैसा, अभ्यास आणि बातम्या मात्र मूठभर मोठ्या मांजरांच्या वाट्याला येतात. आकडा नसला की प्रकल्पाच्या कागदपत्रात प्राण्याची दखल घेतली जात नाही, आणि दखल नसली की नुकसानही दिसत नाही.

पिल्लू सापडलं तर काय करायचं?

याचं उत्तर जुन्नरने दिलं आहे. माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्रात वन विभाग आणि ‘वाइल्डलाइफ एसओएस’ ही संस्था मिळून काम करतात. ऊसतोडणीत सापडलेल्या बिबट्याच्या पिल्लांप्रमाणेच वाघाटीच्या पिल्लांचीही त्यांनी आईशी भेट घडवून आणली आहे.

पद्धत साधी आहे. पशुवैद्यक पिल्लाची तपासणी करतात. पिल्लू ठणठणीत असेल, तर संध्याकाळी ते जिथे सापडलं तिथेच सुरक्षित खोक्यात ठेवतात. जवळ कॅमेरा लावतात आणि माणसं लांब थांबतात. अंधार पडल्यावर आई येते, पिल्लाला मानेला धरून उचलते आणि निघून जाते.

यातून एक जुना समज खोटा ठरतो. ‘माणसाचा हात लागला की आई पिल्लू टाकून देते’ असं आपण लहानपणापासून ऐकतो. तसं असतं, तर तपासणी झालेली ही पिल्लं आईने नेलीच नसती. आई परत येते. ती दिवसा दिसत नाही, कारण ती दिवसा लपते.

म्हणून गवतात ठिपक्यांचं पिल्लू दिसलं, तर:

- त्याला उचलू नका. त्या कोपऱ्यातली कापणी तेवढ्यापुरती थांबवा आणि मागे सरका.
- गर्दी होऊ देऊ नका. कुत्री बांधा किंवा लांब न्या.
- वन विभागाच्या १९२६ या टोल फ्री क्रमांकावर किंवा जवळच्या वनरक्षकाला कळवा.
- गाईचं दूध पाजू नका. पिल्लाला ते पचत नाही, जुलाब होऊन ते आणखी अशक्त होतं.
- ओळख पटवण्यासाठी लांबून एक फोटो पुरे. तो वन विभागाला पाठवा. जागेच्या नावासकट रील टाकू नका.

शेवटचा मुद्दा सर्वात जास्त विसरला जातो. ठिकाण कळलं की बघे येतात, आणि बघे असेपर्यंत आई येत नाही.

आणखी एक गोष्ट. वाघाटी वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाला मिळतं तेच संरक्षण तिला आहे. या अनुसूचीतल्या प्राण्याची शिकार केली किंवा त्याला पकडलं, तर किमान तीन आणि कमाल सात वर्षांची कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. ‘वाचवण्यासाठी घरी आणलं’ असं म्हणून तिला पाळता येत नाही.

वाघोबाच्या गावात

दूर दक्षिण अमेरिकेत अँडीज पर्वताच्या उंच, ओसाड उतारांवर अँडियन मांजर राहते. ती लाल यादीत थेट ‘संकटग्रस्त’ आहे. प्रौढ मांजरांची संख्या १,४०० पेक्षाही कमी असल्याचा अंदाज आहे. खाणी, कुत्री आणि मेंढपाळांशी होणारे खटके हे तिचे शत्रू. पण तिथल्या आयमारा आणि केचुआ लोकांमध्ये ती पवित्र मानली जाते. १९९९ पासून अर्जेंटिना, बोलिव्हिया, चिली आणि पेरू या चार देशांतले अभ्यासक एकत्र येऊन तिच्यासाठी काम करत आहेत आणि त्यांनी स्थानिक लोकांनाच सोबतीला घेतलं आहे.

पालघरला अशा शिदोरीसाठी लांब जायची गरज नाही. इथल्या वारली पाड्यांच्या वेशीवर वाघोबा बसलेला आहे. मुंबई उपनगर, ठाणे आणि पालघर या भागात केलेल्या अभ्यासात वाघोबाची १५० हून अधिक स्थानं नोंदवली गेली. रम्या नायर आणि सहकाऱ्यांचा हा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. दिवाळीच्या तोंडावर वाघबारशीला वाघोबाला नैवेद्य दाखवायचा, आणि त्याने गुराढोरांना, माणसांना सांभाळायचं, असा हा करार. या श्रद्धेमुळे हल्ले होतच नाहीत असं नाही. पण मोठं मांजर शेजारी राहणारच, त्याच्यासोबत जगायचं आहे, ही समज तिने पिढ्यानपिढ्या टिकवली.

वाघाटीला असा देव्हारा नाही. तिची भीती वाटत नाही, म्हणून कदाचित तिचा विचारही होत नाही.

करता येण्यासारखं काय आहे?

रस्ते होणारच असतील, तर त्याखालून वाट ठेवता येते. महाराष्ट्राकडेच त्याचा नमुना आहे. नागपूरहून सिवनीकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ४४ वर पेंचच्या जंगलात प्राण्यांसाठी नऊ भुयारी वाटा आणि पूल बांधले गेले. भारतीय वन्यजीव संस्थेने लावलेल्या कॅमेऱ्यांत वाघापासून रानमांजरापर्यंत १८ प्रजाती त्याखालून जाताना दिसल्या. पालघरमधून जाणाऱ्या प्रत्येक नव्या मार्गाबद्दल ‘प्राण्यांची वाट कुठे आहे?’ हा प्रश्न जनसुनावणीत विचारता येतो.

गावपातळीवरची कामं आणखी सोपी आहेत. बांधावरची झुडपं सरसकट न जाळणं. गवताचा एखादा पट्टा उभा ठेवणं. कुत्र्यामांजरांचं लसीकरण आणि नसबंदी. यासाठी मोठा प्रकल्प लागत नाही.

आणि जर उद्या सकाळी कुणाच्या ग्रुपवर ‘बिबट्याचं पिल्लू सापडलं’ असा व्हिडिओ आला, तर तो पुढे ढकलण्याआधी एक प्रश्न विचारता येईल: पिल्लू आता कुठे आहे? उत्तर ‘घरी आणलंय’ असं आलं, तर १९२६ वर फोन करा आणि पिल्लू नेमकं कोणत्या बांधावर सापडलं, ते वनरक्षकाला सांगा. रात्री तिथे कुणीतरी त्याला शोधत येणार आहे.